हजेरी कोण घेणार?

परवा जेवताना धाकटा म्हणाला, आता दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातला तर कोर्ट झाडू मारायला लावू शकतं. बाबा पालिकेच्या कचरा खात्यातून मुकादम म्हणून रिटायर झाले. ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे मी एकतीस वर्षं शिक्षाच भोगली की."

हसलो सगळे. पण ते काही डोक्यातून जाईना.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली, तीही मोजक्या सहा गुन्ह्यांना. दारूचा धिंगाणा त्यातलाच. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच वेळ असेल आणि माल किंवा पैसे परत केले तर. बदनामीसुद्धा आहे यादीत, तेव्हा कमेंटमध्ये जरा जपून.

मी या शिक्षेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आमच्या चाळीतला एक पोरगा. सहा वर्षांपूर्वी तांब्याची वायर चोरताना सापडला. भंगारात दोन हजारही आले नसते. जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. कोण उभं राहणार? साडेचार महिने आर्थर रोडला. तिथली क्षमता हजाराच्या आतली, माणसं तीन हजारांच्या वर, झोपताना कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला सांगून. बाहेर आला तो अंगभर खरूज आणि तीन नवे दोस्त घेऊन. वायर चोरायला आता तो जात नाही. आता मोठी कामं करतो.

आज असली चोरी जामीनपात्र आहे, पोलिसांना वॉरंटशिवाय उचलताही येत नाही. चांगलंच झालं. पण पाच हजारांची रेघ फार कंजूष वाटते मला. लोकलमध्ये मारलेला मोबाइल कुठला पाच हजारांच्या आत असतो? तो पोरगा आतच जाणार. शिवाय समाजसेवा मिळते ती गुन्हा सिद्ध झाल्यावर, आणि देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्यांना या सवलतीचा काय उपयोग?

समाजसेवा म्हटलं की लोकांना पुण्याच्या पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन पोराला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध आठवतो. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. दोन जीव गेल्यावर निबंध म्हणजे थट्टाच, मलाही संताप आला होता. पण तो राग वायरवाल्यावर का काढायचा?

आता बाबांचं बोलणं. शिक्षा म्हटली की आपल्याला पहिला झाडूच का सुचतो? हे काम कुठल्या वस्त्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली ते मी सांगायला नको. एकाची भाकरी तीच दुसऱ्याची सजा, हे मला पटत नाही. मोठ्या इस्पितळात गावाकडून आलेल्या म्हातारीला केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, हे दाखवायला माणूस लागतो. लावा तिथे. पालिकेच्या शाळेत पोरांना वाचून दाखवायला लावा.

हे सगळं मी बाबांना तावातावाने सांगितलं. त्यांना माझ्या भाषणात काडीचा रस नव्हता. त्यांचं मुकादमाचं डोकं चालू झालं होतं. "किती दिवस? सकाळी साडेसहाला येईल? हजेरी कोण घेणार? दांडी मारली तर कुणाला कळवायचं?"

मी मोबाइलवर कायदा काढून बसले. समाजाच्या फायद्याचं काम, बिनपगारी, एवढंच. तास किती, देखरेख कुणाची, कायद्यात अक्षर नाही.

"मग साहेबाच्या ओळखीचा असेल तो सही करून घरी जाणार," बाबा म्हणाले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे पाठवला असता, तर पहिले आठ दिवस झाडू दिलाच नसता. वारा कुठून येतो ते कळत नाही त्यांना. सगळा कचरा परत अंगावर घेतात."