शस्त्रसंधी कागदावर, बंदुका गल्लीत

श्रीलंका सरकार आणि एलटीटीई (तमिळ वाघ, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) यांच्यातली शस्त्रसंधी 2006 साली मोडली, असं एका लेखात वाचलं. मला ते पटत नाही; वाघांना विरोध करणाऱ्या तमिळांसाठी ती आधीपासूनच मोडलेली होती. फेब्रुवारी 2002 मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने करार झाला. त्यात सरकारने इतर तमिळ गटांची शस्त्रं काढून घ्यावीत अशी अट होती. म्हणजे ईपीआरएलएफ, ईपीडीपी या वाघविरोधी तमिळ गटांची माणसं निःशस्त्र झाली आणि वाघांच्या हातातली पिस्तुलं मात्र तशीच राहिली! जून 2003 मध्ये जाफन्यात ईपीआरएलएफचे सुबथिरन यांना लांबून नेम धरून मारलं. ऑगस्ट 2005 मध्ये परराष्ट्रमंत्री कदिरगामर, तेही तमिळच, कोलंबोतल्या स्वतःच्या घरी मारले गेले. एलटीटीईने हात झटकले. बरोबर वर्षाने सरकारच्या शांतता सचिवालयाचे (वाटाघाटींचं काम पाहणाऱ्या कार्यालयाचे) उपप्रमुख केतीश लोगनाथन, हेही तमिळच, यांच्या दारात मारेकरी आले आणि त्यांनाही मारलं.

शस्त्रसंधीवर नजर ठेवणाऱ्या नॉर्डिक (नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांतल्या) निरीक्षकांना उल्लंघनं नोंदवण्यापलीकडे अधिकारच नव्हता. 2004 मध्ये वाघांचा कमांडर करुणा आपला गट घेऊन फुटल्यावर सरकारच्या बाजूनेही असेच खून झाले. वाघांच्या बाजूचे तमिळ खासदार जोसेफ पराराजसिंघम यांना 2005 च्या नाताळाच्या प्रार्थनेत, बट्टिकलोआच्या चर्चमध्ये गोळ्या घातल्या. तेही तितकंच संतापजनक आहे. पण वाघांपेक्षा वेगळं बोलणारा तमिळ माणूस आधीच एकटा पडला होता, आणि त्याच्या जिवाची हमी करारात कुणीच घेतली नव्हती.