आईची परडी आणि बॅरनची बाग

परक्या कंपाउंडातलं फूल भिंतीवरून बाहेर डोकावलं की ते देवाचं, हा कोथरूडचा अलिखित कायदा आहे आणि माझी आई त्यातली ज्येष्ठ वकील. पहाटे फिरायला जाताना हातात काठी असते ती कुत्र्यांसाठी, असं ती सांगते. काठीच्या टोकाला आकडी कशाला, ते कुत्र्यांनाच ठाऊक. अशा बाईला वसंतात इंग्लंडमधली सरदारी बाग दाखवायची म्हणजे बोक्याची सहल डेअरीत न्यायची.

बाग होती बकिंगहॅमशरमधल्या वॉड्सडन मॅनरची. बॅरन फर्डिनांड द रॉथ्सचाइल्डने १८७४ मध्ये ही जागा घेतली, उघड्याबोडक्या टेकडीवर फ्रेंच राजवाड्याच्या थाटाचं घर उठवलं, आणि झाडं वाढायची वाट कोण बघत बसणार म्हणून वाढलेली झाडंच घोडे जुंपून वर चढवली. १८९० मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे आली तेव्हा विजेचा दिवा बघून इतकी हरखली, की दहा मिनिटं बटण चालू-बंद करत राहिली म्हणे.

"बिल कोण भरत होतं?" बाबांनी विचारलं. राजवाड्याबद्दल त्यांची तेवढीच शंका होती.

आईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. समोरचा अख्खा उतार डॅफोडिलांनी पिवळा झाला होता आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा न् तर्जनी आपोआप जुळायला लागली होती.

"पिवळी आहेत रे. उद्या गुरुवार. दत्ताला दोन."

"आई, विषारी असतात ती. कंद, पानं, सगळंच."

"मग धोतरा काय पौष्टिक असतो? महादेवाला चालतो ना? आणि मारुतीची रुई?"

मी कायद्यावर आलो. जमीनमालकाला न विचारता इथे रानातलंसुद्धा रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, ही तर बाग आहे, असं बजावलं.

"मुळासकट कोण उपटतंय? मी देठाशी खुडणार."

बाबा कौतुकाने मान डोलवत होते. सरकारी नोकरीत जन्म गेला, पळवाट दिसली की त्यांना भरून येतं.

शेवटी मी एक वाऱ्याने मोडून पडलेलं फूल दाखवलं. हे उचल, कोणी काही म्हणणार नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुंजीतून पळून गेलो होतो. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, प्राजक्त तेवढा अपवाद, एवढंही शिकवलं नाही का तुला?

तेवढ्यात बिल्ला लावलेल्या एक गोऱ्या आजी हसत हसत आल्या. किती सुंदर आहेत ना, म्हणाल्या आणि कमरेत वाकून एका फुलाचा मनसोक्त वास घेतला. मागून आलेल्या जोडप्याने घेतला. त्यांच्या मुलीने तर नाकच खुपसलं.

आई हादरली. "वास घेतला! आता कसलं वाहतेस देवाला. उष्टी केली सगळी."

मला त्या आजींचे पाय धरावेसे वाटले. पुढे ट्युलिपचे ताटवे, पक्षीघर, सगळं निर्विघ्न पार पडलं. प्रत्येक ताटव्यापाशी कोणीतरी हुंगत होतंच, आणि आई सुस्कारा सोडून पुढे सरकत होती.

निघताना दुकानातून मी डॅफोडिलची एक कुंडी घेतली. बुटकी जात, बारा-पंधरा फुलं, कोणी न हुंगलेली. घे, तुझ्या हक्काची, मनसोक्त तोड. आईने ती मोटारीत मांडीवर धरून आणली, घरी खिडकीत ऊन बघून ठेवली, पाणी घातलं.

सकाळी उठलो तर देव्हाऱ्यात दत्ताच्या तसबिरीला पिवळी फुलं. आंघोळ करून, नथ-बिथ घालून आई स्तोत्र म्हणत होती. मी खिडकीतली कुंडी पाहिली. एकही देठ मोकळा नव्हता.

"आई, ही कुठली?"

"घरची कशी तोडवतात रे? जीव होत नाही."

"मग?"

"तो समोरचा उंच म्हातारा आहे ना, त्याच्या कुंपणातून बाहेर आली होती," आई म्हणाली. "आणि हे बघ, त्याच्याकडे गुलाबाला कळ्या धरल्यात. एखादी काठी असेल तर बघून ठेव."