चार्जिंगला लावून व्हायब्रेटर वापरताना मुंग्या आल्या, या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, की व्हायब्रेटर चार्जिंगला लावलेला असतानाच वापरला, मुंग्या आल्यासारखं झालं, घाबरून आम्हाला फोन केला, तर "वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही" असं उत्तर मिळालं. ते उत्तर साफ चुकीचं होतं. मनापासून माफी मागते.

तुम्ही परत पाठवलेला व्हायब्रेटर मी स्वतः तपासला. बॅटरी फुगलेली नाही, सीलही शाबूत आहे. पण बुडाशी ज्या दोन चार्जिंग पिना आहेत, त्यातली एक काळी पडली आहे. धुतल्यावर तिथे पाण्याचा थेंब राहिला आणि तसाच चार्जर लावला, की त्या थेंबातून वीज वाहते आणि धातू झिजतो. आयपीएक्स ७ हा वॉटरप्रूफपणाचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही साध्या पाण्यात आणि चार्जर न जोडता. हे आम्ही ठळक सांगायला हवं होतं. खोक्यावर "वॉटरप्रूफ" मोठ्या अक्षरांत आणि "कोरडा करूनच चार्ज करा" आतल्या पत्रकाच्या शेवटच्या ओळीत, ही आमचीच चूक.

आता मुंग्यांबद्दल. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची, केबलमधून येतात ५ व्होल्ट. एवढ्याने शॉक बसत नाही. मुंग्या येतात त्या भिंतीतल्या अडॅप्टरमुळे. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या चांगल्या अडॅप्टरमधूनही अगदी किंचित वीज झिरपते, तिने इजा होत नाही. पण इन्सुलेशन कच्चं असलेल्या अडॅप्टरमधून भिंतीतला पूर्ण दाब केबलवर येऊ शकतो, आणि सुरुवातीला दोन्हींची जाणीव सारखीच असू शकते. त्यात हाताची कोरडी त्वचा विजेला बरीच अडवते, ओली त्वचा आणि आतलं नाजूक अस्तर तसं अडवत नाही. म्हणून चार्जिंग चालू असताना वापर नकोच, अडॅप्टर कितीही चांगला असला तरी.

या विषयावर विचारायला लोक संकोचतात. तुम्ही उघडपणे लिहिलंत, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचलं.

पूर्ण पैसे परत केले आहेत. हे मॉडेल चार्जर लावल्यावर आपोआप बंद होत नाही, म्हणून विक्रीतून काढलं आहे. फक्त एक विनंती: तुम्ही तेव्हा वापरलेला अडॅप्टर आता फोनलाही लावू नका.