लंडनला रोजचे २५ हजार कशाला लागतात?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ठिकाणांहून मिळाला. थोडक्यात मजकूर असा: 'लंडन मध्यमवर्गीयांसाठी नाही. विमान आणि व्हिसा सोडून माणशी रोजचे किमान २५ हजार रुपये हवेत. हॉटेल १५ हजारांच्या खाली मिळत नाही. ट्यूबचं एक तिकीट ८०० रुपयांना पडतं. बघण्यासारखं सगळं तिकीट लावूनच आहे. शाकाहारी माणसाचे हाल होतात. एवढे पैसे नसतील तर टूर कंपनीबरोबर जा, नाहीतर घरीच बसा.'

मी एरवी अशा मेसेजच्या नादी लागत नाही. पण वरच्या मजल्यावरचं शिक्षक जोडपं चार वर्षं पैसे साठवत होतं आणि हे वाचून त्यांनी बेत रद्द करायचं ठरवलं. मी आईला घेऊन लंडनमध्ये आठ दिवस राहून आले आहे. माझ्याकडे वहीत रोजचा हिशोब आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते. पौंडाला १२० रुपये धरलेत, म्हणजे गणित सोपं जाईल.

आधी तिकिटाचं, कारण त्यात सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ८०० रुपयांचं तिकीट खोटं नाही. मध्य लंडनमध्ये ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, कागदी तिकीट काढलं तर ते सात पौंडांच्या आसपास पडतं. पण तिथला रोज जाणारा-येणारा माणूस कागदी तिकीट काढतच नाही. तो फाटकावरच्या पिवळ्या गोलाला बँकेचं किंवा प्रवासाचं कार्ड टेकवतो आणि त्याच प्रवासाचे साधारण तीन पौंड कापले जातात. शिवाय दिवसाला एक कमाल मर्यादा असते. तेवढे पैसे कापून झाले की पुढचा त्या भागातला प्रवास फुकट. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा पहिल्याच दिवशी मशीनवरून तिकीट काढलं असावं.

आम्ही तर ट्यूबनेही फार फिरलो नाही. बसचं भाडं २०२५ च्या दराने १.७५ पौंड आहे आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, दुसऱ्यांदा पैसे कापत नाहीत. दिवसभर नुसत्या बसनेच फिरलात तर त्याच दराने ५.२५ पौंडांच्या वर जात नाही. म्हणजे ६३० रुपये. आईचे गुडघे दुखतात, ट्यूबमध्ये जिने फार, म्हणून बस धरली आणि तीच सगळ्यात आवडली. ट्रफॅल्गर स्क्वेअरहून १५ नंबरची बस घ्यायची, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची. सेंट पॉल्स कॅथेड्रल, पुढे टॉवर ऑफ लंडन, सगळं समोरच्या काचेतून येत राहतं. याच रस्त्यांवरून फिरणाऱ्या उघड्या टपाच्या पर्यटक बसला कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. प्रत्येकाला स्वतःचं वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आणि आपल्या बँकेचं कार्ड वापरणार असाल तर परकीय चलनाचं शुल्क किती ते निघण्याआधी विचारा. विमानतळावरून शहरात येतानाही महाग आणि स्वस्त असे दोन पर्याय आहेत. हीथ्रोहून एक्स्प्रेस रेल्वेचं आयत्या वेळचं तिकीट २५ पौंडांच्या आसपास, आणि त्याच विमानतळाखालून निघणारी ट्यूबची पिकॅडिली लाइन सहा पौंडांच्या आसपास. वेळ लागतो तासभर. आपण मुंबईकरांनी तासभराच्या लोकलला काय घाबरायचं?

आता 'बघण्यासारखं सगळं तिकीट लावून आहे' हा मुद्दा. याचा मला खरोखर राग आला, कारण हे साफ उलटं आहे. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांची कायमची दालनं २००१ पासून सगळ्यांना मोफत आहेत. ब्रिटिश म्युझियम मोफत. नॅशनल गॅलरी मोफत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट मोफत, तिथेच टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे. नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये शिरल्याबरोबर डोक्यावर २५ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला दिसतो, तोही मोफत. सायन्स म्युझियममध्ये चंद्राला फेरी मारून आलेलं अपोलो १० चं यान आहे. टेट मॉडर्न मोफत, ब्रिटिश लायब्ररीतली मॅग्ना कार्टाची जुनी सनद मोफत. दारात देणगीची पेटी असते. आम्ही यथाशक्ती टाकले, पण कोणी मागत नाही. आठ दिवस नुसती ही यादी नीट बघायलाही पुरत नाहीत.

महाग काय आहे? लंडन आय हा नदीकाठचा उंच पाळणा, मेणाचे पुतळे, टॉवर, आणि मोठ्या चर्चची पर्यटक म्हणून घेतलेली फेरी. त्यांची तिकिटं माणशी तीन-चार हजार रुपयांच्या घरात जातात. दिवसाला अशी दोन धरली की २५ हजारांचा आकडा जवळ येतो. यातलं एखादं मनापासून बघायचं असेल तर जरूर पैसे घालवा. कोहिनूर बघायला आम्हीही टॉवरचं तिकीट काढलं. पण यालाच लंडन म्हणायचं आणि मग लंडन परवडत नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही.

सेंट पॉल्सचंच घ्या. पर्यटक म्हणून आत जायला तिकीट आहे. संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला, ज्याला तिथे इव्हनसाँग म्हणतात, कोणालाही मोफत बसता येतं. त्या वेळी हिंडायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, शेवटपर्यंत शांत बसायचं. आई आमच्या गावच्या भजनी मंडळात गाते. त्या प्रचंड घुमटाखाली गाणाऱ्यांचा आवाज वर चढला, वरून परत खाली आला, आणि आईने माझा हात घट्ट धरला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणाली, "टाळ नाही, मृदंग नाही, तरी अंगावर काटा आला बघ." वेस्टमिन्स्टर ॲबीतही अशीच प्रार्थना असते. वेळा आदल्या दिवशी बघून घ्या.

ग्रिनिचबद्दल जरा सविस्तर सांगते. आईने ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. शून्य रेखावृत्त फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याची गणती नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेच्या अंगणात ती पट्टी आखलेली आहे आणि तिथे जायला तिकीट आहे. मी काढणारच होते. पण शाळेच्या मुलांना घेऊन आलेल्या एका बाईंनी सांगितलं की रेषा काही अंगणात संपत नाही, भिंतीच्या खालच्या बाजूने जी पायवाट जाते तिथेही ती आखलेली आहे. आम्ही गेलो. खरंच, भिंतीवर रेषा आहे आणि खाली वाटेवरही. गर्दी नाही, रांग नाही. आईने चपला नीट केल्या, एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग आम्ही वेधशाळेच्या छपरावरचा लाल गोळा बघायला थांबलो. १८३३ पासून तो रोज एक वाजता खाली पडतो. थेम्समधल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून ही सोय केली होती. एकला पाच कमी असताना तो अर्ध्यावर चढतो, दोन कमी असताना टोकाला जातो आणि बरोबर एकला घसरतो. आईच्या मनगटावर भारतातली वेळ होती, साडेपाच. मी म्हटलं, फरक साडेपाच तासांचा ना, मग हे साडेचार कसे? तिने तिथेच माझा तास घेतला. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेपाच तास बरोबर. पण उन्हाळ्यात हे लोक घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून रेषेवर खरे बाराच वाजलेत. आजूबाजूची दोन पोरंही ऐकत उभी राहिली, मराठी कळत नसताना. या दुपारचा खर्च बसभाडं सोडून शून्य.

तिथूनच नदीखालून पलीकडे जाणारा बोगदा आहे, १९०२ सालचा, ३७० मीटर लांब, चालत जायला मोफत. आणखी पूर्वेला गेलात तर वुलिचची फेरी बोट १८८९ पासून लोकांना फुकट नेते. थेम्सवरच्या बोटीत बसायची हौस असेल तर ती तिथे भागते.

आणि मराठी माणसाने जायलाच हवी अशी जागा. चॉक फार्म स्टेशनपासून थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासा. बाबासाहेबांनी लंडनमध्ये किती ओढाताण करून शिक्षण घेतलं ते त्यांच्या चरित्रांत आहे: ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसायचं, आणि रात्री भूक लागली की पत्र्याच्या थाळीवर भाजलेले पापड खायचे. त्याच काळात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला. तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांच्या हालांशी आपल्या सहलीच्या काटकसरीची बरोबरी करायची नाही, ते शोभणारही नाही. पण आईने दारावरच्या निळ्या पाटीचा मजकूर वहीत उतरवून घेतला, आणि घरी आल्यावर शाळेतल्या मुलांना सगळ्यात आधी तेच वाचून दाखवलं. तिथून पाच-दहा मिनिटांवर प्रिमरोझ हिल आहे. गवतावर बसलं की सगळं शहर समोर दिसतं. लंडन आयची गरज आम्हाला तरी वाटली नाही.

खाण्याचा मुद्दा. हॉटेलात बसून जेवलं तर बिल येतं, त्यावर बऱ्याच ठिकाणी १२.५ टक्के सेवाशुल्क लावतात आणि आपले डोळे पांढरे होतात. (हे शुल्क ऐच्छिक असेल तर काढून टाका म्हणून सांगता येतं. लाजू नका.) पण दुपारी तिथले नोकरदारही सुपरमार्केटमधून सँडविच, फळं किंवा वेफर्स आणि पेय असा एकत्र मिळणारा डबा घेतात, चार पौंडांच्या आसपास, आणि बागेतल्या बाकावर बसून खातात. शाकाहारी पदार्थांवर स्पष्ट छापलेलं असतं. हाल तर सोडाच, आईला वाचायचा कंटाळा आला इतके प्रकार होते. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमाराला पिवळी लेबलं लागतात, त्यांची किंमत आणखी उतरवलेली असते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली विकत घेऊ नका. सकाळ-रात्र आम्ही खोलीवर करून खाल्लं. थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि पोहे घरून नेले होते. दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका. पेढे, खवा, तूप असलं काही भारतातून आत न्यायला बंदी आहे. दोनदा युस्टन स्टेशनच्या मागे, भारतीय खाणावळींच्या ड्रमंड स्ट्रीटवर जाऊन पोटभर गरम जेवलो. माणशी रोजचे सरासरी १४ पौंड झाले.

राहण्याच्या बाबतीत मेसेज सगळ्यात जास्त खरा आहे, हे कबूल करते. लंडनमध्ये खोली महागच. पण १५ हजारांखाली मिळत नाही हे खरं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी होतात आणि त्यातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचीही अशी वसतिगृहं आहेत. आम्ही अशाच एका वसतिगृहात राहिलो: दोन पलंग, टेबल, खिडकी, बाहेर सामायिक स्वयंपाकघर. दोघींचे मिळून रात्रीला ८४ पौंड, म्हणजे माणशी पाच हजार. खोली लहान होती, गरम पाण्याला थांबावं लागायचं, लिफ्ट एक दिवस बंद होती. एकट्या तरुण मुलामुलीला हॉस्टेलमधला बंक बेड याहून स्वस्त पडेल. वयस्कर आई-वडिलांना तिथे नेऊ नका, झोप होत नाही.

'टूर कंपनीबरोबर जा' यावर एकच सांगते. ज्यांना भाषेची, प्रकृतीची अडचण आहे त्यांनी टूरनेच जावं, त्यात काही वाईट नाही. पण दोन दिवसांत लंडन उरकणाऱ्या टूरमध्ये ब्रिटिश म्युझियम बसमधून दिसतं आणि त्या दोन दिवसांचं भाडं कुठे वेगळं काढून दाखवलेलं नसतं. मग स्वस्त कशाच्या तुलनेत?

आमच्या वहीतला माणशी रोजचा आकडा: राहणं ४२ पौंड, खाणं १४, प्रवास साडेपाच ते सहा, तिकिटं आणि किरकोळ सरासरी साडेआठ. साधारण ७० पौंड, म्हणजे ८,४०० रुपये. हे माझ्यासारखीला कमी नाहीत, वर्षभर साठवावे लागले. व्हिसाचे सव्वाशेवर पौंड आणि विमानाचं भाडं यात नाही आणि त्यात काटकसरीला फारसा वावही नाही. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, हेही धरून चाला. पण २५ हजार आणि ८,४०० यांत जो फरक आहे, त्यात एखाद्या कुटुंबाचं जाणं किंवा न जाणं ठरतं.

वही मी वरच्या मजल्यावर नेऊन दिली. सर आणि बाई दोघांनीही रात्री जागून बेरीज तपासली, एका दिवसाच्या बसभाड्यात माझी चूकही काढली. आता जूनच्या तारखा बघताहेत. वसतिगृहाची खोली फेब्रुवारीतच धरा, एवढं त्यांना बजावून सांगितलंय.