भजनातल्या पखवाजवाल्याला अडाणी म्हणणाऱ्यांना

गेले काही महिने 'बुद्धिमान संगीतकार कसा ओळखावा' असा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर कागदावर मांडण्याची पद्धत, लिहिता-वाचता येते आणि शास्त्र सांगता येतं तोच विद्वान. गाणं-वाजवणं जितकं जलद आणि अवघड, तितकी बुद्धी मोठी. भजन, लावणी, लोकगीत हे नुसतं भावनेचं काम, त्याला डोकं लागत नाही. आणि मुलांना शास्त्रीय संगीत ऐकवलं की बुद्ध्यांक वाढतो. मी वीस वर्षं तबल्याची साथ करतोय. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनीच हा मजकूर मला पाठवला, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

बुद्ध्यांकाचा मुद्दा आधी उरकतो. याचं मूळ 1993 साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तेव्हा आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत त्यांचे गुण वाढलेले दिसले. हा परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. लहान मुलं त्या प्रयोगात नव्हतीच. मुलाला गाणं जरूर शिकवा, पण गाण्यासाठी शिकवा.

आता स्वरलिपी. संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे वकिली शिकलेले. गावोगाव हिंडून त्यांनी बंदिशी, म्हणजे रागांत बांधलेल्या जुन्या चिजा, गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. ते काम झालं नसतं तर कितीतरी चिजा कायमच्या गेल्या असत्या. पण त्या बंदिशी आल्या कुठून? ज्या उस्तादांच्या गळ्यातून आल्या, त्यांतले कितीतरी जण आयुष्यात कधी स्वरलिपी वापरत नव्हते. लिहून घेणारा विद्वान आणि ज्याच्याकडून लिहून घेतलं तो अडाणी, हा कुठला न्याय?

शिवाय कागदावर काय उतरतं तेही बघा. भूप आणि देसकार दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर, पाचही शुद्ध. स्वरांची यादी केली तर दोन्ही राग एकच. पण भूपात गंधारावर (ग) मुक्काम, देसकारात सगळी ओढ धैवताकडे (ध). देसकार गाताना गंधारावर जरा जास्त रेंगाळलात की सकाळच्या रागात रात्रीचा राग शिरतो. दरबारी रागाचा गंधारही असाच. पुस्तकात तो कोमल गंधार म्हणून लिहिलेला, भीमपलासातही कोमल गंधारच. पण दरबारीत तो मध्यमाचा (म) आधार घेत हळूहळू झुलत येतो. हे झुलणं किती, कुठवर, हे कान ठरवतो, आणि तो कान तयार व्हायला वर्षं लागतात. याला बुद्धी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

वेगाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण वेग हेच तबलजीला पहिलं वेड असतं. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात बारा मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. दोन मात्रांमध्ये चार-पाच सेकंदांचं अंतर. ते न हलता सांभाळायचं, गायकाचा आलाप चाललेला असताना हात भरभर चालवायचा मोह आवरायचा, आणि पुन्हा ठेका मेलेला वाटू द्यायचा नाही. माझ्या हाताला जलद तिरकिट, म्हणजे तबल्याचे भरभर वाजणारे बोल, दोन-तीन वर्षांत आलं. ही संथ लय सांभाळणं यायला दहा वर्षं गेली. अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याच्या स्वतंत्र वादनाचा बादशहा बालगंधर्वांच्या नाट्यपदांना साथ करायचा, तेव्हा त्याच्या हातातली सगळी विद्या त्या पदाच्या सेवेला असायची. जयपूर घराण्याचे प्रवर्तक गवई अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बसला. गळ्यात जे उरलं त्याचा विचार करून त्यांनी गायकी नव्याने घडवली. आज जयपूर घराणं सगळ्यांत बुद्धिप्रधान म्हणून ओळखलं जातं, आणि त्याची ओळख वेग ही नाही. ओळख आहे ती लयीला धरून, अनपेक्षित वळणं घेत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणाऱ्या तानेची.

राहिला भजन-लावणीला डोकं लागत नाही हा मुद्दा. हा मला सगळ्यांत जास्त लागला. कुमार गंधर्वांना क्षयाने वर्षानुवर्षं गाणं बंद ठेवावं लागलं, तेव्हा देवासला ते आजूबाजूची माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. त्या धुनांमध्ये त्यांना राग दिसले, त्यांतून त्यांनी नवे राग उभे केले. धुनेत काही नसतं तर एवढ्या मोठ्या गवयाला तिथे काय सापडलं असतं? लावणीत ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायावर असते. ती कुठे थांबणार, कुठे गिरकी घेणार हे त्याला तिच्याइतकंच आधी कळावं लागतं.

आणि पखवाज. एका हरिनाम सप्ताहात मी एका म्हाताऱ्या पखवाजवाल्याशेजारी बसलो होतो. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी डाव्या पुडीला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरच्या कातड्याला, पाण्याचा हात लावला, कणकेचा गोळा थापला, एक थाप मारली, कान लावला. गोळ्यातून चिमूटभर कणीक काढली. पुन्हा थाप. पुन्हा नखाएवढी काढली. मग उजवी पुडी हातोडीने गायकाच्या षड्जाला (सा) मिळवली. रात्री थंडीने कणीक सुकायला लागली, तसा डाव्या पुडीचा आवाज बदलू लागला. मला तो फरक कळायच्या आत त्यांचं ओलं बोट कणकेवर फिरलेलं होतं, आणि ठेका सुटला नव्हता. कीर्तनकार निरूपण करता करता मध्येच अभंगाचं चरण उचलायचे. लय कुठली, चाल कुठली, काही सांगत नव्हते. दरवेळी पखवाज बरोबर त्यांच्या पहिल्या समेवर पडत होता. 'आधी कसं कळतं?' असं मी मध्यंतरात विचारलं. ते म्हणाले, 'बुवा श्वास घेतात ना, तो ऐकायचा.'

दुसऱ्या दिवशी मी मैफलीला बसलो तो गायकाचा श्वास ऐकायचा असं ठरवूनच. अजूनही दहातल्या तीन वेळा चुकतो.