लहान मुले आणि परदेशातील कलासंग्रहालये : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही अ‍ॅम्स्टरडॅम आणि पॅरिसची कलासंग्रहालये पाहिली, त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपल्या मते एवढ्या लहान वयात पाहिलेले मुलांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे खर्च वाया जातो. मुलांच्या गडबडीने इतरांचा रसभंग होतो आणि कलाकृतींनाही धोका पोहोचतो. नागपूरच्या मुलांना आधी आपल्याच शहरातले अजब बंगला हे संग्रहालय दाखवावे आणि परदेशाचा विचार बाराव्या वर्षानंतर करावा, असे आपले म्हणणे आहे. आपण आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलीत, म्हणून हे मत मी गांभीर्याने घेते. तरीही बारा वर्षांची अट मला पटत नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगते. विमानाचे तिकीट महाग असते हे खरेच, पण अनेक मोठ्या संग्रहालयांच्या दारात मुलांचे पैसे पडत नाहीत. पॅरिसची लूव्र आणि ओर्से, तसेच माद्रिदचे प्रादो येथे 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, तर लंडनच्या नॅशनल गॅलरीतला कायमचा संग्रह सगळ्यांनाच फुकट पाहता येतो. मुले नकोशी असती, तर या संस्थांनी असे नियम केले नसते.

लक्षात राहण्याचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या घटना मोठेपणी सहसा आठवत नाहीत आणि त्यानंतरच्याही पुष्कळशा पुसट होतात, हे मला मान्य आहे. परंतु आजीने म्हटलेली ओवी कोणत्या दिवशी ऐकली हे कोणाला आठवते? तरी तिची चाल कानात बसलेलीच असते. नजरही तशीच घडते, असे मला वाटते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले डच चित्रकार रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ हे नगररक्षक दलाचे 1642 सालचे चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे, आणि 2019 पासून त्याच्या अभ्यासाचे व जतनाचे काम काचेच्या खोलीत लोकांदेखत चालू आहे. आम्ही दोघे मोठी माणसे मधल्या कप्तानाच्या पुढे केलेल्या हाताकडे आणि शेजारच्या पिवळ्या पोशाखावर पडलेल्या त्या हाताच्या सावलीकडे पाहत होतो. मुलीला मी फक्त कुत्रा शोधायला सांगितले. तो तिला उजवीकडे ढोलवाल्याच्या पायाशी सापडला, आणि तो ढोलाच्या आवाजावर भुंकतो आहे, हे तिने आपणहून सांगितले. मग सोनेरी झग्यातल्या मुलीकडे बोट करून तिने विचारले, “आई, हिच्या कमरेला कोंबडी का बांधली आहे?” त्या नगररक्षक दलाचे चिन्ह पक्ष्याचा पंजा हे होते, म्हणून रेम्ब्रांटने त्या मेलेल्या कोंबडीचे पंजे मुद्दाम ठळक दाखवले आहेत. चित्रातली प्रत्येक वस्तू कोणीतरी विचार करून तेथे ठेवलेली असते, हे मुलांना शिकवण्यासाठी आपण वर्गात किती खटपट केली असेल! येथे माझ्या मुलीने तो प्रश्न स्वतःच विचारला. हा दिवस ती विसरली तरी मला चालेल.

धोक्याच्या संदर्भात आपण इस्रायलमधील हैफाच्या हेख्त संग्रहालयाची घटना दिली आहे. तेथे 2024 साली चार वर्षांच्या मुलाच्या हातून किमान 3,500 वर्षांपूर्वीचा रांजण फुटला. रॉटरडॅममध्ये 2025 साली अमेरिकी चित्रकार मार्क रोथको यांच्या चित्राचे एका मुलाच्या हातून नुकसान झाले, तेही मी येथे नमूद करते, कारण आपली काळजी निराधार नाही. मात्र हैफाच्या संग्रहालयाने त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना पुन्हा बोलावून संग्रहालय दाखवले आणि वस्तू काचेबाहेर ठेवण्याची आपली पद्धत सोडली नाही, हेही लक्षात घ्यावे. जबाबदारी पालकांचीच आहे. ओर्सेमध्ये फ्रेंच शिल्पकार फ्रांस्वा पाँपाँ यांचे पांढऱ्या अस्वलाचे दगडी शिल्प आहे, सुमारे अडीच मीटर लांब आणि इतके गुळगुळीत की कोणाचाही हात शिवशिवावा. तेथे मी मुलीचा हात क्षणभरही सोडला नाही, आणि हातांच्या घामाने व तेलकटपणाने दगडावर डाग पडतात, हे तिला आधीच सांगून ठेवले होते.

गडबडीचे मूळ बहुतेक वेळा भूक आणि झोप यांत असते. उन्हाळ्यात अ‍ॅम्स्टरडॅम आणि पॅरिसची घड्याळे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात; नागपुरात सकाळी सातला उठणारे मूल पहिले काही दिवस तेथे पहाटे साडेतीनलाच टक्क जागे होते, आणि तेथल्या दुपारी चार वाजता त्याच्या शरीराच्या हिशेबाने संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणून दार उघडताच आत जावे, दोन-तीनच कलाकृती नीट पाहाव्यात आणि मूल कंटाळण्याआधी बाहेर पडावे. राहिलेली दालने सोडून देण्याची तयारी पालकांनी ठेवली, तर इतर प्रेक्षकांना त्रास होण्याची वेळ क्वचितच येते.

सुरुवात अजब बंगल्यापासून व्हावी, याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. 1863 पासून आपल्या शहरात असलेल्या या संग्रहालयात आम्ही मुलीला वारंवार नेतो. पेंढा भरलेल्या पक्ष्यांसमोर आणि जुन्या मूर्तींसमोर हात मागे बांधून उभे राहण्याची सवय तिला तेथेच लागली. ती सवय चौथ्या वर्षी लागत असेल आणि प्रवासाची ऐपतही असेल, तर आणखी आठ वर्षे थांबण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र आठ-दहा दिवसांत पाच-सहा देश उरकणाऱ्या आणि लूव्रमध्ये ‘मोनालिसा’समोरच्या गर्दीत उभे करून लगेच बसकडे पळवणाऱ्या सहलीत लहान मुलांना नेण्यास माझाही विरोध आहे. तशा सहलीपुरती आपली बारा वर्षांची अट मी आनंदाने मान्य करते.