प्लास्टरची चिठ्ठी आणि व्हीलचेअरची जागा

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो: ‘पाय मोडला असेल किंवा ऑपरेशन झाले असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी काचेमागे ठेवा आणि दिव्यांगांच्या राखीव जागेत गाडी लावा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. व्हीलचेअरचा स्टिकर लावला तरी चालतो. ती जागा नाहीतरी रिकामीच असते. कोणी अडवले तर कायदा दाखवा.’ पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो, पण या सल्ल्याचा भुर्दंड भलत्यालाच पडतो.

‘कायदेशीर हक्क आहे.’ नाही. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातली व्याख्याच ‘दीर्घकालीन’ व्यंगाची आहे. सहा-आठ आठवड्यांत सांधणारे हाड तिच्यात बसत नाही. प्रमाणपत्र देण्याचा अधिकारही नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यालाच असतो, प्लास्टर घालणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला नाही. नियमांत मुदतीचे प्रमाणपत्र आहे, त्यावरून गोंधळ होतो. पण दिव्यांगत्वाचे प्रमाण पुढे कमी-जास्त होण्याची शक्यता असेल तेव्हाच ते देतात. गोंधळाचे दुसरे मूळ अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियात डॉक्टरांनी लिहून दिल्यावर सरकारी वाहन विभाग सहा महिन्यांपर्यंतचा तात्पुरता लाल पार्किंग परवाना देतो. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे; पण ती मागून मिळवावी लागेल, आहे असे सांगून चालणार नाही.

स्टिकरबद्दल फार लिहायला नको. तो कोणीही विकत घेऊ शकतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही. ओळख पटते ती यूडीआयडी कार्डाने, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राने, आणि ते कार्ड असले तरी नो पार्किंगमध्ये गाडी लावायची मुभा मिळत नाही.

‘जागा रिकामीच असते.’ संदेशातले सर्वांत घातक वाक्य हेच. राखीव जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद असावी लागते. बाजूचा सुमारे १.२ मीटरचा तिरप्या रेघांचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. साध्या अडीच मीटरच्या जागेत १.७ मीटर रुंदीची गाडी उभी केली की दोन्ही बाजूंना जेमतेम ४०-४० सेंटिमीटर उरतात. आता हाताने ब्रेक लावता येणारी गाडी एकट्याने चालवत आलेला माणूस पाहा. तो दार पूर्ण उघडतो, शेजारच्या सीटवरची घडीची व्हीलचेअर मांडीवरून ओढून बाहेर काढतो, चाके जोडतो, ब्रेक लावतो आणि हातांच्या जोरावर अंग तिच्यात टाकतो. पट्ट्यावर एक स्कूटर उभी असली तरी हे जमत नाही. परत आल्यावर ती दिसली तर त्याला स्वतःच्याच गाडीत शिरता येत नाही. त्याला दाराशी सोडून गाडी दुसरीकडे लावणारे बरोबर कोणी नसते.

पाय मोडलेल्या माणसाबरोबर मात्र बहुतेक वेळा असते, कारण उजव्या पायाला प्लास्टर असताना ब्रेक दाबता येत नाही, म्हणजे गाडी दुसराच कोणी चालवतो. म्हणून त्याला राखीव जागा लागत नाही, उतरायची जागा लागते. निळ्या गोलावर लाल एकच तिरपी रेघ म्हणजे नो पार्किंग. तिथे माणूस उतरवण्यापुरते थांबता येते. दोन रेघांची फुली असेल तर तेवढेही थांबायचे नाही. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात जाताना आधी एकाने उतरून व्हीलचेअर आणावी, मगच गाडी दाराशी घ्यावी, आणि रुग्णवाहिकेचा रॅम्प सोडून. फूटपाथला अगदी चिकटून थांबू नये. हातभर अंतर ठेवले की कुबड्या सपाट रस्त्यावर टेकतात. बसताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवावी, पाठ गाडीकडे करून आधी बूड टेकावे आणि मग पाय उचलून आत घ्यावा. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर वळताना अंग सहज सरकते. गाडी सुरू करण्याआधी ती काढून टाकावी. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायरीवर कुबडी हमखास घसरते, म्हणून टोकाच्या रबराच्या खाचा झिजल्या की रबर बदलावे.

डॉक्टरांची चिठ्ठी वाया जात नाही. त्यात ‘पायावर भार टाकू नये’ आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्यावे. ती जोडून सोसायटीला किंवा कार्यालयाला लेखी अर्ज करावा आणि लिफ्टजवळची एखादी साधी जागा तेवढ्या आठवड्यांपुरती बदलून मागावी. बहुतेक ठिकाणी शेजारी आनंदाने देतात.

‘कायदा दाखवा.’ जरूर दाखवा, पण जिथे राखीव जागा आखलेलीच नाही तिथे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे ती मुदत कधीच संपली. टेप लावून रुंदी आणि दारापर्यंतचे अंतर मोजा, टेपसकट फोटो काढा, तारीख टाका आणि राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या.